वीस सह्या

माझ्या सहीने कागदावर जितकी बाळं जन्माला आली तितकी खरोखर आली असती, तर रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या वाढायला हवी होती. ती घटली. २००१च्या जनगणनेत जिल्ह्यात जवळपास १७ लाख माणसं होती, २०११ला १६ लाख १५ हजार. शेजारच्या सिंधुदुर्गाचीही तीच गत. तरणी माणसं मुंबईला, घरात म्हातारी-कोतारी आणि निम्म्या वाडीला कुलपं. हजार पुरुषांमागे ११२२ बायका हा रत्नागिरीचा आकडा कुणी कौतुकाने सांगायला लागलं की मला त्या बायकांचे विरार-नालासोपाऱ्याला गेलेले नवरे दिसतात. अशा जिल्ह्यात मी नोकरीची शेवटची अकरा वर्षं नर्सिंग कॉलेजात ट्यूटर म्हणून काढली आणि दर वर्षी मुलींच्या केसबुकांवर सह्या केल्या. त्यातल्या बऱ्याचशा खोट्या होत्या.

निवृत्त झाल्यावर हे लिहिणं सोपं असतं, मला कळतं. नोकरीत असताना लिहायचा धीर झाला नाही.

केसबुक म्हणजे काय ते आधी सांगते, कारण बाहेरच्या माणसाला त्याची कल्पना नसते. मुलगी वॉर्डात जाऊन काय काय शिकली याची ही वही. बीएस्सी नर्सिंगच्या ज्या अभ्यासक्रमावर माझी बरीच वर्षं गेली, त्यात प्रत्येक मुलीने ३० गरोदर बायका तपासायच्या, २० नैसर्गिक बाळंतपणं स्वतःच्या हातांनी करायची, ५ बायकांची आतून तपासणी करायची, ५ वेळा टाके घालायचे असे आकडे होते. २०२१ला नवी नियमावली आली, सेमिस्टर आली, आकडे इकडचे तिकडे झाले. वही राहिली, आणि वहीखालची सहीही राहिली.

आता हिशेब करा, तिसरीच्या मुलाला येईल एवढाच आहे. एका वर्गात ४० मुली. प्रत्येकीची २० म्हणजे ८०० बाळंतपणं. आमच्या रुग्णालयात महिन्याला साठ-सत्तर बाया बाळंत व्हायच्या आणि त्यातल्या निम्म्यांचं सिझेरियन. म्हणजे आठ आठवड्यांच्या पोस्टिंगमध्ये नैसर्गिक बाळंतपणं फार तर सत्तर. मुलीमागे दोनसुद्धा नाहीत. हे आमच्यापुरतंच आहे असं समजू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशभरातल्या खासगी रुग्णालयांत ४७ टक्क्यांहून जास्त बाळंतपणं सिझेरियनने झालेली दिसतात, सरकारी ठिकाणी १४ टक्क्यांच्या आसपास. म्हणून खासगी कॉलेजं करार करून, शुल्क भरून मुलींना सरकारी रुग्णालयात पाठवतात. तिथे आधीच दुसऱ्या कॉलेजच्या मुली असतात, एएनएम आणि जीएनएम या पदवीखालच्या नर्सिंग कोर्सच्या असतात. गेल्या काही वर्षांत अलिबाग, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं झाली, फार बरं झालं, पण एमबीबीएसच्या मुलांनाही तेच लेबर रूम आणि तीच बाई लागते. आणि बाळंतपणाच्या खोलीत डॉक्टरीचं पोर आलं की नर्सिंगची मुलगी आपोआप भिंतीकडे सरकते. तिला कुणी सरक म्हणावं लागत नाही.

मग वही भरते कशी? लेबर रूमचं रजिस्टर असतं. त्यातून नावं उतरवून घ्यायची. एका बाईचं एकच बाळ पाच जणींच्या वहीत जन्माला येतं. एकीच्या वहीत ते रात्री दोन वाजता, दुसरीच्या वहीत पहाटे चारला, असा घोटाळाही झालेला मी पाहिलाय आणि लाल पेनाने दुरुस्त करायला लावलाय. परीक्षा तोंडावर आलेली असते. वही अपुरी असेल तर मुलगी परीक्षेला बसत नाही, तिचं वर्ष जातं. बापाने काजूची बाग गहाण टाकून फी भरलेली असते. बाळंतपणं कमी झाली यात त्या पोरीचा काय दोष? असं म्हणत मी पेन काढायचे.

एका पावसाळ्यात रात्री अकराला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. संगमेश्वर तालुक्यातल्या घाटाखालच्या एका उपकेंद्रात ती कामाला होती. नदीला पाणी, पूल बुडालेला, १०८ची रुग्णवाहिका पलीकडच्या तीरावर येऊन उभी. इकडे बाईच्या कळा थांबत नव्हत्या. बाळ तिनेच घेतलं. बाळ झाल्यावर लगेच ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं, वार पडली, पण रक्त जरा जास्त जातंय असं वाटून ती अर्धा तास बाईच्या पोटावर हात ठेवून गर्भाशय चोळत बसली होती. आई, बाळ दोन्ही सुखरूप. मला फोन केला तेव्हा तिचा आवाज कापत होता. म्हणाली, "मॅडम, तुमच्या वहीत माझी वीस झालीत. हातून ही तिसरी."

त्या रात्री मला झोप लागली नाही. पण त्यापुढे मी सह्या थांबवल्या असंही झालं नाही. पुढच्या बॅचच्या वह्या आल्या, मी बसून सह्या केल्या.

या विषयावर बोलणं निघालं की लोक दोन गोष्टी म्हणतात. कॉलेजं फार झाली, आणि आजकालच्या मुलींना काम नको. पहिली बरीचशी खरी आहे. दुसरी वॉर्डात आठ तास उभं राहून आलेल्या पोरीच्या पायांकडे न बघता म्हटलेली आहे. पण माझं म्हणणं या दोन्हींच्या पलीकडचं आहे. मुलगी वॉर्डात गेली की तिला शिकवायचं कुणी, हे आपण ठरवलेलंच नाही. कागदावर ठरलंय. दहा मुलींमागे एक शिक्षिका आणि एका मुलीकडे तीन रुग्ण, असं भारतीय नर्सिंग परिषदेचं प्रमाण आहे. पण माझ्या दहा मुली पाच ठिकाणी विखुरलेल्या असायच्या. दोन मेल मेडिकलला, दोन सर्जिकलला, दोन लेबर रूमला, दोन ओपीडीत, उरलेल्या दोन एसएनसीयूत, आजारी नवजात बाळांपाशी. मी एका मजल्यावर असले की चार मजले माझ्याविना. एवढं करून दुपारी कॉलेजात माझं लेक्चर असायचंच.

वॉर्डात मुलीच्या शेजारी आठ तास असते ती तिथली सिस्टर. खरी शिक्षिका तीच. पण शिकवणं हे तिचं काम आहे असं तिच्या नेमणूकपत्रात कुठे लिहिलेलं नसतं. ड्युटी लावताना त्यासाठी तिचा एक रुग्ण कमी होत नाही. तिच्याकडे चाळीस-पंचेचाळीस रुग्ण, एक मावशी, एक मामा, आणि सकाळी आठला दारात उभ्या राहिलेल्या निळ्या गणवेशातल्या आठ मुली. तिने काय करावं? ती म्हणते, "मुलींनो, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घ्या. बेड करून घ्या. त्या अकरा नंबरचं सॅम्पल लॅबला नेऊन द्या. आणि तू, हो तूच, एक्स-रे घेऊन ये." दुपारी दुसऱ्या पाळीच्या हाती वॉर्ड सोपवला की संपलं. मुलीला तिने नावाने हाक मारलेली नसते. "ए स्टुडंट" किंवा नुसतंच "ए निळी". मुलगे असले तर "ए ब्रदर", तेवढं बरं वाटतं कानाला.

कॉलेज आणि वॉर्ड यांच्यातलं वैर हा आणखी एक प्रकार. वॉर्डवाल्या म्हणतात, कॉलेजवाल्यांनी दहा वर्षांत सुई धरली नाही आणि आम्हाला शिकवायला येतात. कॉलेजवाल्या म्हणतात, वॉर्डात सगळं शॉर्टकटने चालतं. दोघींचंही थोडं थोडं खरं. मधल्यामध्ये मुलगी. "पण कॉलेजात असं शिकवलं होतं" हे वाक्य एखादीने वॉर्डात एकदा उच्चारलं की त्या महिन्यात तिला इंट्राकॅथ, म्हणजे सलाइनची सुई, लावायला मिळत नाही. शहाण्या मुली पहिल्या आठवड्यातच गप्प बसायला शिकतात. रुग्णालयात शिकलेली त्यांची पहिली गोष्ट ती.

माझ्या वयाच्या बायका यावर म्हणतील, आम्ही नाही का शिकलो? शिकलो. मी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात जीएनएम केलं. दुसऱ्या वर्षाला असताना रात्रपाळीला एक स्टाफ सिस्टर आणि मी, बाकी वॉर्डभर रुग्ण आणि खाली जमिनीवर गाद्या. सिस्टरला शेजारच्या वॉर्डात बोलावलं की मी एकटी. तेव्हा आम्हाला स्टायपेंड होता, हॉस्टेल होतं, मेसचं जेवण होतं. रुग्णालय आमच्याकडून काम करून घेत होतं आणि थोडंफार का होईना, देत होतं. आजच्या खासगी कॉलेजातली मुलगी तेच काम फी भरून करते. आम्ही तसं शिकलो हे मान्य, पण आमच्यातल्या कोण कोण काय न शिकता बाहेर पडलो हे कुणी मोजलं? मला गर्भाशयाचा कडकपणा हाताला कसा लागतो ते नोकरी लागल्यावर कळलं. तोवर मी तो लागल्यासारखं करत होते.

तरीही या कामांची मी चेष्टा करणार नाही. बेड मेकिंग, स्पंजिंग, केस विंचरणं ही हलकी कामं आहेत असं मला कधीच वाटलं नाही. एक इनचार्ज सिस्टर होत्या, सावंतवाडीकडच्या, तोंडाने फटकळ. मुलीला एका आजोबांचं अंग पुसायला सांगायच्या आणि झाल्यावर एकच प्रश्न विचारायच्या, "काय बघितलंस?" मुलगी म्हणायची, काही नाही सिस्टर, अंग पुसलं. "परत जा." मग मुलगी परत जायची आणि तिला माकडहाडापाशी लालसर झालेली कातडी दिसायची, किंवा भाताच्या लावणीतून आलेल्या तापाच्या माणसाचे लालबुंद डोळे दिसायचे. कोकणात पावसाळ्यात तापाचा माणूस, लाल डोळे आणि पोटऱ्या दुखतात म्हणतो म्हटलं की लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, मनात यायला हवा. तेच काम, तेच पाणी, तोच नॅपकिन. त्या एका प्रश्नावाचून ती नुसती हमाली होती.

फुरसं, म्हणजे छोटा पण विषारी साप, चावलेल्या माणसाची गोष्ट सांगते, कारण आमच्याकडचा वॉर्ड काय शिकवू शकतो हे तिच्यात दिसतं. मिरगाच्या तोंडावरचे दिवस. एक माणूस दगडांचा गडगा रचत होता, चिरा उचलला आणि बोटाला चावलं. साप छोटा, माणूस हसत आला होता, बोट थोडंसं सुजलेलं. त्याच फटकळ सिस्टर ड्युटीवर. त्यांच्याकडे त्या दिवशी अडतीस रुग्ण होते, मला आठवतं कारण त्यांनी ते मला तीनदा ऐकवलं. त्यांनी तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीला बोलावलं आणि म्हणाल्या, दोन मिलि रक्त घे. मुलगी प्लॅस्टिकच्या ट्यूबकडे वळली. "ती नको. काचेची घे, कोरडी, साबणाने न धुतलेली. प्लॅस्टिकमध्ये रक्त गोठायला वेळ लागतो, फसशील. आता ही इथे उभी कर, हलवायची नाही, आणि वीस मिनिटं तू इथून हलायचं नाहीस."

पोरगी वीस मिनिटं घड्याळाकडे आणि नळीकडे बघत उभी. वीस मिनिटांनी सिस्टर आल्या, म्हणाल्या, कलंडव. नळी आडवी केली आणि रक्त पाण्यासारखं काचेवरून वाहिलं. गोठलेलंच नव्हतं, म्हणजे विष भिनलेलं. तोवर माणसाच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलेलं नव्हतं, तो अजून हसतच होता. डॉक्टरांना हाक गेली, सर्पदंशाची लस सुरू झाली. ती मुलगी आज कुठेही असो, फुरसं आणि काचेची नळी ती विसरणार नाही. सिस्टरांनी एकूण बोलायला किती वेळ घालवला असेल? दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांची नोंद कुठल्याही वहीत झाली नाही, ना मुलीच्या ना सिस्टरांच्या. चार्ट लिहिता लिहिता सिस्टरांची एसटी चुकली, एवढं मात्र झालं.

फुरसं आमच्याकडे नेहमीचंच. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या झाडावरून पडलेली माणसं, माडावरून पडलेले पाडेली, बोटीवर वायररोपमध्ये बोट अडकलेले खलाशी, पावसाळ्यात लेप्टो, दोडामार्गच्या बाजूला माकडताप, आणि वर्षभर एकटी राहणारी म्हातारी माणसं, ज्यांचा मुलगा फोनवर आणि औषधं शेजारणीकडे. हा आमचा अभ्यासक्रम. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर विंचू चावलेल्या माणसांच्या उशाशी बसून तासातासाला काय होतं ते टिपत राहिले आणि १९८२ला त्यांची निरीक्षणं 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. पुढे प्राझोसिन हे औषध वापरून त्यांनी विंचूदंशाचे किती जीव वाचवले हे कोकणात कुणाला सांगायला नको. ते मोठं नाव, पण सुरुवात खाटेशेजारी बसून बघण्यापासूनच झाली होती. आमच्या मुलींना त्या खाटेशेजारी बसायला मिळत नाही. एक्स-रे आणायचा असतो.

भाषेचंही असंच. हल्ली आमच्याकडे बीड, लातूर, परभणीकडच्या मुली शिकायला येतात, धीट आणि कष्टाळू. सिंधुदुर्गात पोस्टिंग असताना परळीकडची एक मुलगी मला येऊन म्हणाली, "मॅडम, सात नंबरच्या आजींना आधी काहीतरी आजार होता म्हणतात, नाव आठवत नाही त्यांना." मी विचारलं, आजी नेमकं काय म्हणाल्या? "माका कायतरीच होता गो बाय, असं." शेजारच्या खाटेवर चादर घालणारी कुडाळची मुलगी ताडकन वळली. "अगो, ती आत्ताचं सांगता!" मालवणीत 'होता' म्हणजे होतंय, 'दुखता' म्हणजे दुखतंय. आजी घामाने थबथबलेल्या. सकाळी इन्सुलिन घेतलेलं, पेज यायला उशीर झालेला. साखर ४६. ग्लुकोजचं पाणी पाजलं, दहा मिनिटांत आजी परळीच्या मुलीला तिच्या लग्नाचं विचारायला लागल्या.

त्या मुलीची चूक नव्हती. तिला इथे आणून सोडताना आम्ही गणवेशाची इस्त्री तपासली, नखं तपासली. इथली माणसं कशी बोलतात हे तासभर बसून सांगावं असं आमच्यातल्या कुणालाच सुचलं नव्हतं. नंतर कुडाळच्या मुलीने ड्रेसिंग रूमच्या दाराआड एक कागद चिकटवला, त्यावर मालवणी शब्द आणि समोर अर्थ. रंगकाम झालं तेव्हा तो गेला.

आणि रुग्णाचं काय? लेबर रूममध्ये एका बाईभोवती आठ मुली उभ्या, दोघी स्टुलावर चढलेल्या, असं दृश्य मी शेकडो वेळा पाहिलं. हर्णैकडची एक कोळीण कळा देता देता ओरडली होती, "हितं काय जत्रा भरलीय?" तिला कुणी विचारलंच नव्हतं, की बाई, या पोरी शिकायला उभ्या राहिल्या तर चालेल का. आठ जणींना दिसलं काय, तर पुढच्या मुलीची पाठ. त्या रात्रीच्या सिस्टरने सातजणींना बाहेर काढलं आणि एकीला त्या बाईच्या कमरेशी बसवलं. पहिल्या कळेपासून बाळाला पाजेपर्यंत, नऊ तास. एक बाळंतपण सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलेली आमच्या त्या वर्गातली ती एकटीच. बाकीच्यांच्या वह्यांत वीस-वीस होती.

देशात सुईणपणाला पुन्हा मान देण्याच्या गोष्टी चालल्यात. २०१८ला केंद्र सरकारने मिडवाइफरीचं धोरण आणलं, आधीच नर्स असलेल्या बाईला आणखी अठरा महिने शिकवून नैसर्गिक बाळंतपण स्वतःच्या जबाबदारीवर करणारी मिडवाइफ तयार करायची. १९४७चा जुना नर्सिंग परिषदेचा कायदा जाऊन २०२३ला नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा झाला. चांगलंच आहे. पण पाया तोच, खोट्या सह्यांचा. त्यावर अठरा महिन्यांचा माळा चढवून काय होणार?

जर्मनीचं उदाहरण द्यायला मला एरवी संकोच वाटला असता, पण आता आपलं सरकारच मुलींना तिकडे पाठवायला निघालंय. २०२४ला महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सही आहेत. त्या देशात २०२० पासून लागू असलेल्या नर्सिंगच्या कायद्यात एक तरतूद आहे. शिकाऊ मुलीच्या प्रत्यक्ष कामाच्या वेळेतला किमान १० टक्के वेळ प्रशिक्षित मार्गदर्शकाने तिला शिकवण्यात गेला पाहिजे. त्या मार्गदर्शकाने स्वतः ३०० तासांचं वेगळं प्रशिक्षण घेतलेलं असावं लागतं. शिकाऊ मुलीला पगार मिळतो तो वेगळाच. आठ तासांच्या पाळीचे दहा टक्के म्हणजे ४८ मिनिटं. सावंतवाडीच्या सिस्टरांना दोनच लागली होती.

मला एवढंच हवंय. प्रत्येक पाळीला, ज्या वॉर्डात विद्यार्थिनी आहेत तिथे, एका सिस्टरचं नाव ड्युटीच्या यादीत शिकवणारी म्हणून लिहिलेलं असावं. त्या पाळीत तिच्याकडे रुग्ण कमी असावेत आणि त्या कामाचा तिला भत्ता मिळावा. कॉलेजं रुग्णालयाला जे शुल्क भरतात त्यातून तो द्या, नवे पैसे छापावे लागणार नाहीत. विद्यार्थिनींना मनुष्यबळात धरू नये. हे कुणी लेखी धरत नाही, पण परीक्षेच्या सुट्टीत मुली गेल्या की वॉर्ड कसा कोलमडतो ते बघा, म्हणजे धरतात की नाही ते कळेल.

आणि बाळंतपणं जिथे गेली तिथे मुलींना पाठवा. कोकणातली माणसं मुंबईला गेली, बाळंतपणंही गेली. मग चाकरमान्यांच्या मागोमाग सहा आठवडे आमच्या मुलीही मुंबईतल्या प्रसूतिगृहांत जाऊ देत, राहायची सोय करून. काही कॉलेजं पाठवतात, तिथल्या मुलींचे हात वेगळे असतात. बाकी काळ चोवीस तास चालणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि ग्रामीण रुग्णालयांत दोन-दोनच मुली ठेवा, म्हणजे जत्रा भरणार नाही. एवढं करूनही वीस होत नसतील तर वहीत जितकी झाली तितकीच लिहायची मुभा द्या. सात झाली तर सात. मग उरलेली तेरा कुठे करून घ्यायची, हा प्रश्न तरी कुणाला तरी पडेल. आज तो पडतच नाही, कारण सगळ्यांच्या वह्या भरलेल्या आहेत.

यावर प्रशासनाचं उत्तर मला पाठ आहे. स्टाफच नाही, जागा रिकाम्या आहेत, शिकवायला सिस्टर मोकळी कुठून काढायची? रिकाम्या जागांचं दुःख खरं आहे, मी त्यात आयुष्य काढलंय. पण त्या रिकाम्या जागा आज कोण भरतंय ते बघा. विद्यार्थिनी भरतायत. त्या आहेत म्हणून रिकामी जागा दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून ती भरली जात नाही.

गेल्या जूनमध्ये लांज्याकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन माझ्याकडे आले. बारावीला बरे गुण, नर्सिंगला घालायची, दोन कॉलेजांत नंबर लागत होता, कुठलं घेऊ? मी म्हटलं, प्रॉस्पेक्टस बाजूला ठेवा. दुपारी तीन वाजता त्यांच्या मुली जिथे पोस्टिंगला जातात त्या रुग्णालयात जा. मुली कुठे आहेत बघा, खाटेपाशी की एक्स-रेच्या खिडकीपाशी. तिथल्या एखाद्या मुलीला विचारा, या महिन्यात तुला वॉर्डात कुणी काही शिकवलं का, आणि त्या बाईचं नाव काय.

आठवड्याने त्यांचा फोन आला. एका ठिकाणी वॉचमनने आत सोडलं नाही. दुसऱ्या ठिकाणी आत गेले, मुलींना विचारलं, तर त्या एकमेकींकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "काका, आम्हाला बोलायची परवानगी नाही." मग काय केलंत, मी विचारलं. म्हणाले, दुसरं घेतलं. हॉस्टेल एसटी स्टँडच्या जवळ आहे.